गिरणीची आंघोळ

१२ जानेवारी

ठमे,

यंत्र आलं! आधी हे सांगून टाकते, तब्येतपाणी मागाहून.

काल दुपारी ट्रक आला. उतरवायला आठ माणसं जमली, त्यातली दोन काम करणारी आणि सहा सल्ले देणारी. भाजायचा ड्रम एक, दळायची गिरणी एक, आणि पाकिटं बंद करायचं एक छोटं यंत्र, माझ्या मांडीवर मावेल एवढं. शाळा शेजारच्या नव्या इमारतीत गेल्यापासून जुन्या दोन खोल्या ओसच पडल्या होत्या, तिथे सगळं बसवलं. भिंतीवर फळा अजून आहे. त्यावर मी आम्हा अकरा जणींची नावं आणि कोणी कुठल्या वारी यायचं ते लिहिलं. मास्तर बघून म्हणाले, "मावशी, फळ्यावर मुंग्या चालल्यात." म्हटलं, चालू देत, मुंग्या कामसू असतात.

फोन करत नाही म्हणून चिडू नकोस. इथे रेंज मिळते ती पाण्याच्या टाकीच्या शिडीवर. माझे गुडघे शिडी चढत नाहीत, आणि चढले तरी खाली अर्धं गाव कान टवकारून उभं असतं. त्यापेक्षा पत्र बरं, मनातलं लिहिता तरी येतं.

आता तुझ्या संस्थेचा माणूस काय सांगून गेला ते ऐक. आपल्याच शेतातलं धान्य आणि कडधान्य हंगामात व्यापाऱ्याला मातीमोलाने द्यायच्या ऐवजी इथे घ्यायचं, भाजायचं, दळायचं. गावातल्या लहान पोरांना रोज सकाळी त्या पिठाची वाटीभर पेज, आणि उरलेल्याची पाकिटं करून आजूबाजूच्या गावांत विकायची. त्यातून अकरा जणींना मजुरी. असं सहा महिने करून दाखवायचं. मग तपासनीस येणार. त्याला पटलं तर यंत्र कायमचं गावाचं, शिवाय धान्य साठवायला कोठार. नाही पटलं तर ट्रक परत येणार आणि यंत्र दुसऱ्या गावाला जाणार.

ते जाऊ द्यायचं नाही, एवढं मी ठरवलंय. का, ते तुला काय सांगायचं? पीक शेतात उभं आणि घरातलं संपलेलं, असे ते ऑगस्ट-सप्टेंबर आपल्याकडे कसे जातात ते तू भोगलंयस. गेल्या वर्षी चौदा घरांनी एकेक पोर शहरात 'पाहुणं' पाठवलं. महिन्याभरासाठी म्हणून गेली, आणि त्यातली पाच अजून परतली नाहीत. तिकडेच कुणाकुणाच्या धुण्याभांड्याला लागली. या वर्षी आमच्या सुनेने चिमणीचं नाव काढलंय. "ठमीताई आहेत की शहरात, त्यांच्याकडे राहील." सात वर्षांची माझी नात! पण लेकाला आज काम मिळतं, उद्या मिळत नाही, आणि माझ्या बोलण्याने कुणाचं पोट भरत नाही.

वेळेवर जेवत जा.

मावशी


२५ जानेवारी

मावशी,

तुझं पत्र ऑफिसातच उघडलं आणि "सहा सल्ले देणारी" वाचून फिस्सकन हसले. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. त्यालाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, आमच्या गावाला सात होते.

एक सांगायचं राहिलं होतं. तुमच्या गावाचा अर्ज आला त्याच दिवशी मी आमच्या मोठ्या बाईंना सांगून टाकलं की ही माझी सख्खी मावशी, आई गेल्यावर आठ वर्षांची होईपर्यंत मी हिच्याच घरी वाढले. त्यांनी लगेच फाईल माझ्याकडून काढून दुसऱ्याला दिली. तेव्हा तुमच्या कामात मी हात घालू शकत नाही, कुणाकडे शब्दही टाकू शकत नाही. यंत्र राहिलं तर ते तुमच्या कष्टाने राहील.

पण भाची म्हणून एवढं सांगते. आमचे तपासनीस साहेब सरळ माणूस आहेत, पण भारी शिस्तीचे. स्वतःच्या डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहितात. मागे एका गावात यंत्रावर कोळ्याची जाळी दिसली, तर त्यांनी दोन पानं भरून लिहिलं. तेव्हा ते येतील त्या दिवशी सगळं कसं चकाचक असू दे.

चिमणीला खुशाल पाठव. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, लहान आहे, पण दोघींना पुरेल. खिडकीतून छापखान्याचं छप्पर दिसतं आणि त्यावर मांजरं भांडतात, तिला गंमत वाटेल. मी तिला काही कमी पडू देणार नाही. काळजी नसावी.

तुझी ठमी


६ एप्रिल

ठमे,

दोन महिने पत्र नाही म्हणजे म्हातारी गेली असं समजली असशील. गेले नाही, रुसले होते. "हात घालू शकत नाही" वाचलं आणि माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, जिला नाक शिंकरायला मी शिकवलं ती आता मला नियम शिकवते! मग एक दिवस नर्सबाईंपुढे ही मळमळ ओकले. त्या शांतपणे म्हणाल्या, "मावशी, उद्या व्यापाऱ्याच्या भाचीने असाच शब्द टाकून यंत्र त्याच्या अंगणात नेलं असतं, तर तुम्ही काय म्हटलं असतं?" मी काय म्हटलं असतं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तेव्हा रुसवा गेला. बरोबर केलंस तू.

आता कामाचं. पहिले चार घाणे जळाले. कडूजहर! बकरीपुढे टाकलं, तिनेही हुंगून तोंड फिरवलं, आणि बकरी म्हणजे चपला खाणारी जात. आम्ही रंग बघून दाणा काढत होतो, ते चुकत होतं. मग सापडलं. दाणा भाजताना तडतडतो, आधी भराभर, मग सावकाश, आणि ती तडतड थांबता थांबता ड्रमचं तोंड उघडायचं. दोन श्वास उशीर झाला की कामातून गेलं. हे कानानेच कळतं. म्हणजे भाजणं चालू असताना खोलीत कुणी चकार शब्द काढायचा नाही. अकरा बायका एका खोलीत आणि चिडीचूप! आमचे नवरे दारातून डोकावून जातात, त्यांचा डोळ्यांवर विश्वास बसत नाही.

आणि सगळ्यांत तयार कान कुणाचा निघाला सांगू? रेडिओचा! तीच ती विहिरीपलीकडची, झोपेतही तोंड बंद नसतं म्हणून जिचं नाव पडलं. ती डोळे मिटून ड्रमपाशी उभी राहते, तिने हात वर केला की मी तोंड उघडते. ड्रमचं. तेव्हापासून एक घाणा वाया गेला नाही.

पीठ पाच गावांना जातं. नर्सबाई दर महिन्याला पोरांची वजनं तक्त्यावर मांडतात, लाल रेघ असते बघ त्यावर, तिच्या खाली पोर गेलं की काळजी. जानेवारीत बेचाळीस पोरांतली सतरा रेघेखाली होती. काल सात. सात, ठमे! मी नर्सबाईंना दोनदा मोजायला लावलं.

आमच्या अकरा जणींत सूनही आहे, नेमाने येते आता. चिमणीला पाठवायचं तिने अजून सोडलेलं नाही. म्हणते, "यंत्र राहिलं तर बघू. हातातली मजुरी गेली तर तुम्ही खायला घालणार का?" तिचंही खरंच आहे. मी तरी कुठून घालू?

तपासनीस जुलैत येणार म्हणे. तू सांगितलेलं पक्कं ध्यानात आहे.

मावशी


१९ जुलै

ठमे,

जिंकलो! साहेब परवा येऊन गेले.

तू चकाचक म्हणाली होतीस ना? अगं, तोंड बघून घ्यावं असं लख्ख केलं. तीन दिवस काम बंद ठेवलं आणि अकरा जणी पदर खोचून लागलो. ड्रम राखेने घासला. गिरणी खोलून आतलं कणन् कण पीठ ब्रशने काढलं, पाणी मारलं, पुसली, तेलाचा हात फिरवला. तिला जन्मात झाली नसेल अशी आंघोळ घातली. भिंतींना चुना दिला. फळा धुतला. पोत्यांचा पसारा दिसायला नको म्हणून ती शेजारच्या गोठ्यात हलवली, आणि तयार पाकिटं माझ्या माळ्यावर. शेवटी यंत्रावर माझी पांढरी चादर घातली, कडक इस्त्रीची. आम्ही सगळ्या ठेवणीतले कपडे घालून रांगेत उभ्या.

साहेब उंच, वाळकुडे, हातात वही. चादर उचलून बघितलं. ड्रममध्ये बोट फिरवलं आणि उजेडात धरलं. बोट कोरं करकरीत! गिरणीच्या तोंडाशी वाकून हुंगलं. म्हणाले, "अगदी नवंकोरं आहे हो." मी म्हटलं, "डोळ्यांत तेल घालून सांभाळलंय साहेब." म्हणाले, "धान्य दिसत नाही कुठे?" मी म्हटलं, "नाही साहेब, आम्ही इथे काही पडू देत नाही." मग विचारलं, "रोज किती तास चालतं?" मला वाटलं, कमी सांगितलं तर आळशी म्हणतील, जास्त सांगितलं तर यंत्र झिजवलं म्हणतील. म्हटलं, "तुम्ही म्हणाल तितके तास चालवू." बाकीच्या जणींना मी आधीच दम भरला होता, कुणी मध्ये तोंड घालायचं नाही. रेडिओने तर ओठ दातांत धरले होते. नर्सबाई नेमक्या दुसऱ्या गावी गेल्या होत्या, नाहीतर त्यांनी तक्ता दाखवला असता.

चार पानं लिहिली साहेबांनी! पाणी प्यायले, नमस्कार केला आणि गेले. जाळीवर दोन पानं, मग स्वच्छतेवर चार. हिशेब सरळ आहे की नाही? आता कोठाराची जागा बघून ठेवतो.

मावशी


३० जुलै

मावशी,

खाली बसून वाच.

साहेबांनी लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवते. तुमच्या गावाच्या पंचायतीला ते परवा येईलच, म्हणून आधी कळवायला मोठ्या बाईंनी हरकत घेतली नाही. "यंत्र वापरात नाही. आणलं त्या दिवसाइतकं कोरं आहे. जागेत धान्य नाही, पीठ नाही, रिकामं पोतंही नाही. भिंतींना ताजा चुना आहे. किती तास चालतं याचं उत्तर मिळालं नाही. बायका गप्प असतात, विचारलं की एकमेकींकडे बघतात. गावाने यंत्र चादर घालून ठेवलं आहे." संस्थेच्या समितीने यंत्र परत न्यायच्या हुकमावर सह्या केल्या. नऊ ऑगस्टला ट्रक येणार.

अगं, तीन दिवस काम बंद ठेवलंस? गिरणीला आंघोळ घातलीस? मावशी, सांडलेलं पीठच तर त्यांना बघायचं होतं! पण तुझ्यावर कशाला ओरडू? चकाचक हा शब्द माझा. खुर्चीवर बसून लिहिला, तू बिचारीने खरा मानला. काल मोठ्या बाईंकडे जाऊन रडले. त्या म्हणाल्या, "तू या फायलीवर बोलू नकोस. गावाला लेखी कळवू दे, समिती वाचेल." पण समितीची बैठक अठरा तारखेला, ट्रक नऊला.

आणि आता खरं लिहिते. चिमणीला पाठवू नकोस. जानेवारीत "खुशाल पाठव" लिहिलं ते वरवरचं होतं. मी तिला जपेन, पण तरी नको. तू मला बसमध्ये बसवलंस तेव्हा "एक महिना" म्हणाली होतीस. मी तो महिना बोटांवर मोजला. मग दुसरा मोजला. शहरातल्या त्या घरात मला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, शाळेतही घातलं. पण मोठी होईपर्यंत मी तिथे पाहुणीच राहिले, ताटात दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लाजणारी. अजून बसचं दार आपटलं की मी बोटांवर दिवस मोजायला लागते. म्हणूनच चोवीस वर्षांत तुझ्याकडे दोनदाच आले, कामाचं निमित्त सांगत राहिले. काम नव्हतं. तुझा राग होता.

ठमी


३ ऑगस्ट

ठमे,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा साहेबांना शिव्या घातल्या, दुसऱ्यांदा स्वतःला. रेडिओ म्हणाली, "जन्मात एकदा मला गप्प बसवलंत, आणि बघा काय झालं ते!"

सुनेने मात्र चिमणीचे दोन फ्रॉक धुऊन वाळत घातले. ते दोरीवर बघितले आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सुनेवर नव्हे, माझ्यावर.

लेखीबिखी काही पाठवणार नाही. जो माणूस डोळ्यांनी बघेल तेवढंच मानतो, त्याला कागद दाखवून काय उपयोग? उरलीसुरली पोतीही गोठ्यातून परत आणली. पहाटे पाचपासून ड्रम चालू आहे. येऊ दे ट्रक.

बाकी जे लिहिलंस त्याला उत्तर आज देत नाही. आधी काम.

मावशी


१० ऑगस्ट

ठमे,

तुझं पत्र यायची वाट न बघता लिहितेय, कारण पोटात मावत नाहीये.

काल सकाळी नऊला ट्रक आला. मला वाटलं होतं हमाल येतील आणि जातील, पण पुढच्या सीटवरून साहेब स्वतः उतरले, हातात हुकूम. आत आले तेव्हा ड्रममध्ये घाणा अर्धा भाजून झालेला, रेडिओ डोळे मिटून उभी, कुणी मान वर करून बघितलं नाही. साहेबांनी घसा साफ केला. "मावशी, मी संस्थेच्या वतीने..."

"श्श!" अकराच्या अकरा जणींनी केलं.

साहेब दचकले. थोड्या वेळाने पुन्हा, "मला असा आदेश आहे की..."

"श्श!!"

या वेळी त्यांच्याच मागे उभ्या हमालानेही केलं. साहेब गप्प झाले आणि तेही ऐकायला लागले. तडतड कमी होत गेली. रेडिओने हात वर केला, मी तोंड उघडलं, आणि तो गरम, खमंग वास खोलीभर सुटला. तेव्हा मी म्हटलं, "हं, आता बोला."

ते म्हणाले, "हे... चालतं?"

ठमे, तुला खोटं सांगत नाही, मी ठरवलं होतं नम्रपणे बोलायचं. पण जीभ सुटली. म्हटलं, "चालतं म्हणजे? सहा महिने चालतंय! पाच गावांची पोरं खातायत! तुम्ही आलात तेव्हा आम्ही आवरून ठेवलं होतं."

"का पण?"

"का म्हणजे? पाहुणे येणार म्हटल्यावर तुमच्याकडे घर आवरत नाहीत का?"

साहेबांनी हातातला हुकूम खाली केला. मग म्हणाले, "आवरतात. पण आमच्याकडे पाहुणे चूल पेटते का ते बघायला येत नाहीत." मी म्हटलं, "ते आधी सांगायचं होतंत." म्हणाले, "मला विचारायचं सुचलं नाही. तुम्हाला सांगायचं सुचलं नाही." हे मात्र त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केलं, आणि माझा निम्मा राग तिथेच उतरला.

तोवर दुसरा घाणा लागला होता आणि चाळणीवर माणूस कमी पडत होतं. म्हटलं, "साहेब, बघायचंय ना? मग उभे काय राहता, ही चाळण धरा." धरली की! शर्टाच्या बाह्या दुमडून धरली. तासाभरात भुवया पांढऱ्या, मिशी पांढरी, वहीची पानं पांढरी. ट्रकवाला पेजेच्या दोन वाट्या पिऊन तिसरी मागत होता. मी म्हटलं, ही लहान पोरांसाठी आहे. म्हणाला, आईला मी लहानच आहे.

साडेदहाला पोरं आली, वाट्या घेऊन ओळीने बसली. साहेब एकेकाकडे बघत होते. नर्सबाई तक्ता घेऊन आल्या. जानेवारीत सतरा, आता तीन. साहेबांनी प्रत्येक पोराचं वजन समोर पुन्हा करायला लावलं, तेवढा त्यांचा स्वभाव गेला नाही. बरोबर निघालं. मग ते दारापाशी पोत्यावर बसले. शेवटी चिमणीला विचारलं, "तू काय करतेस गं इथे?" ती म्हणाली, "मी शहरात जाणार आहे, यंत्र गेलं की." फ्रॉकांचं मी तिला काही सांगितलं नव्हतं. पोरांना सगळं कळतं.

साहेबांनी हुकमाचा कागद घडी करून खिशात घातला. हमालांना म्हणाले, "चला." मी म्हटलं, "थांबा! ट्रक एवढ्या लांबून आला तो काय रिकामा जाणार? वाटेवरच्या पाच गावांची पाकिटं आहेत." यंत्र न्यायला आलेल्या ट्रकात आम्ही यंत्राचं पीठ भरलं, ठमे! चारशे पाकिटं! हमालांनी चढवली, साहेबांनी मोजली, आणि रेडिओ ट्रक दिसेनासा होईपर्यंत बोलत होती. बोलू दिलं.

पण साहेब एकटे काही करू शकत नाहीत, सह्या समितीच्या आहेत. अठरा तारखेपर्यंत जीव टांगणीला आहे. काय होईल ते लगेच कळव.

मावशी


२० ऑगस्ट

मावशी,

यंत्र गावाचं! कायमचं! समितीच्या सगळ्यांच्या सह्या झाल्या, कोठारालाही मंजुरी मिळाली.

मला बैठकीत बसायची परवानगी नव्हती. बाहेर बाकावर बसून होते, कारकुनाने माझ्यासाठी दार बोटभर उघडं ठेवलं. साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "माझा अहवाल चुकीचा आहे. मी यंत्र बघितलं, काम बघितलं नाही." समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, गावाने तुमच्यासाठी पुन्हा देखावा केला नसेल कशावरून? तर साहेबांनी वही उघडून टेबलावर आपटली. पीठ उडालं, मावशी! गृहस्थांच्या कोटावर! मोठ्या बाई खोकल्या आणि म्हणाल्या, "मला वाटतं, हे पुरे."

आता तपासनीस कुठल्याच गावाला दिवस कळवून जाणार नाहीत, असंही ठरलं. आणि तीन नव्या गावांना यंत्रं द्यायची आहेत, तर तिथल्या बायकांना भाजायला शिकवायला तू आणि रेडिओकाकू जाल का, असं विचारणारं पत्र येईल. मानधन घे, संकोच करू नकोस.

मी ऑफिसात उभ्या उभ्या ओरडले, "ती माझी मावशी आहे!" सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. तरी ओरडले.

चिमणीचं काय ठरलं ते लिही. तेवढं एकच लिही.

ठमी


८ सप्टेंबर

ठमे,

चिमणीचे फ्रॉक सुनेने तुझं पत्र आलं त्याच दिवशी परत फळीवर ठेवले. आणि माझ्या ताटात भाकरी जास्तीची वाढली. कोठाराचं काम सुरू झालंय. संस्थेने सिमेंट आणि पत्रे दिले, बाकी अंगमेहनत गावाची, आणि येत्या हंगामात प्रत्येक घर एकेक पोतं कोठारात टाकणार असं पंचायतीत ठरलं. व्यापारी येऊन विचारून गेला, मला घेता का तुमच्यात? म्हटलं, पोतं आण, घेतो.

आता तुझ्या त्या पत्राचं उत्तर. महिनाभर मनात जुळवतेय.

एक महिना म्हणाले ते खोटं होतं. बसमध्ये बसवतानाच मला माहीत होतं की तुला परत आणायला माझ्याकडे काही नाही. घरात दोन पोरं आणि एकाच्या पोटापुरतं धान्य. माझ्या पोराला ठेवलं आणि बहिणीच्या पोरीला पाठवलं. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, देवालाही नाही. भूक होती हे खरं, पण खोटं बोलले ते माझं चुकलं. तू खिडकीतून विचारलंस, "मावशी, महिना किती दिवसांचा असतो?" आणि मी तीस सांगितले. राग धरलास तो बरोबर धरलास. मला माफ कर, असं म्हणायचा हक्क नाही, तरी म्हणते.

काल सोमवार, आपली पोरं शहरात नेणारी ती बस आली. दरवर्षी सप्टेंबरचा पहिला सोमवार म्हणजे स्टॉपवर रडारड. मी मुद्दाम जाऊन उभी राहिले. गाडी थांबली. कंडक्टर खाली उतरला, इकडेतिकडे बघितलं, म्हणाला, "आज पोरं कुठेयत?" मी म्हटलं, "शाळेत." त्याला कळेना. दहा मिनिटं थांबला बिचारा, सवयीने. मग दोन बाजारकरू आणि एक कोंबडी घेऊन गाडी गेली.

मी तडक कामावर जायला निघाले, पण आमच्या खोल्यांना लागूनच शाळा, मास्तर हजेरी घेत होते, म्हणून खिडकीखाली थांबले. दर सप्टेंबरात मास्तर मध्येमध्ये नावं गाळत पुढे जातात, कुठली गेली ते त्यांना पाठ असतं. गेल्या वर्षी न परतलेली पाच नावं पटावरून आधीच गेली, पण उरलेली काल त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी घेतली. प्रत्येक नावाला आतून आवाज आला. शेवटी वही मिटल्याचा आवाज झाला, आणि मास्तरांनी वर्गाला सांगितलं, "बासष्टपैकी बासष्ट."

ठमे, मी त्या खिडकीखाली भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, मोठ्याने रडले. लाज वाटली नाही. तुझी खूप आठवण आली. आता तू ये, आणि महिना नको मोजूस, हवं तितकं राहा.

तुझीच,
मावशी